बांधापलीकडचे शेजारी : ऑस्ट्रेलियातल्या लँडकेअर गटांची गोष्ट

८ फेब्रुवारी १९८३ च्या दुपारी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरावर मातीची भिंत चालून आली. दक्षिण गोलार्धातला तो ऐन उन्हाळा होता आणि आदल्या वर्षापासून पावसाने दगा दिला होता. शहराच्या वायव्येला मॅली आणि विमेरा हे गव्हाचे पट्टे आहेत. तिथली उघडी पडलेली माती सोसाट्याच्या वाऱ्याने उचलली, तिचा सुमारे ३०० मीटर उंचीचा लोट उठला आणि भर दुपारी शहरात अंधार पसरला. त्या एका वादळात अंदाजे ५० हजार टन सुपीक माती उडाली. आठवडाभराने, १६ फेब्रुवारीला, व्हिक्टोरिया आणि शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात वणवे पेटले आणि त्यांत ७५ माणसे दगावली.

शहरातल्या लोकांना ग्रामीण जमिनीची अवस्था त्या महिन्यात दिसली. शेतकऱ्यांना ती कधीपासूनच दिसत होती. ओघळी दर पावसाळ्यात रुंदावत होत्या, ओढ्यांचे काठ ढासळत होते, सखल शेतांत पांढरे मीठ फुलत होते आणि सशांनी पोखरलेल्या टेकड्यांवर गवत टिकत नव्हते. यातले बहुतेक दुखणे एकाच्या शेतात दिसायचे आणि त्याचे मूळ दुसऱ्याच्या शेतात असायचे. ही गोष्ट मान्य करून तीन वर्षांनी व्हिक्टोरिया राज्यात शेजारी शेतकऱ्यांचे स्वयंसेवी गट उभे राहू लागले. हे लँडकेअर गट. आज ऑस्ट्रेलियात त्यांची संख्या काही हजारांत आहे आणि न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, फिलिपिन्स अशा देशांनीही ही पद्धत उचलली आहे. श्रमदान आणि पाणलोट हे शब्द महाराष्ट्राला नवे नाहीत. म्हणूनच हे गट कसे चालतात, कशामुळे टिकले आणि कुठे कमी पडले हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

झाडे गेली आणि मीठ वर आले

या चळवळीला सर्वांत मोठी चालना मिठाने दिली. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापावसाबरोबर थोडे मीठ जमिनीवर पडत राहते. पश्चिम ऑस्ट्रेलियात किनाऱ्याजवळ ते वर्षाला हेक्टरी शंभर-दोनशे किलोपर्यंत जाते, आत खोलवर वीसेक किलो असते. हा खंड सपाट आणि कोरडा आहे. मीठ वाहून समुद्रात परत नेण्याइतका जोर तिथल्या अनेक नद्यांत नाही. त्यामुळे हजारो वर्षांत ते जमिनीच्या खालच्या थरांत साठत गेले.

तिथे उगवणाऱ्या निलगिरीच्या जातींनी आणि खोल मुळांच्या झुडपांनी हे मीठ खालीच रोखून धरले होते. पडलेला जवळजवळ सगळा पाऊस ही झाडे पिऊन टाकत. मुळांच्या खाली झिरपून भूजलाला मिळणारे पाणी नगण्य असे. युरोपीय वसाहत आल्यावर हे रान तोडले गेले. अनेक ठिकाणी सरकारने जमीन देताना ती साफ करण्याची अटच घातली होती आणि झाडे तोडण्याच्या खर्चावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आयकरात सवलत मिळत होती. झाडांच्या जागी गहू आला, वर्षभरात वाळून जाणारे गवत आले. त्यांची मुळे उथळ आणि वाढीचा काळ थोड्या महिन्यांचा. उरलेले पाणी खाली झिरपू लागले. पूर्वीच्या दहापट, कुठे कुठे त्याहूनही जास्त.

भूजलाची पातळी हळूहळू चढली आणि चढताना तिने वाटेतले मीठ विरघळवून बरोबर आणले. पाणी पृष्ठभागापासून सुमारे दोन मीटरवर आले की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते मातीच्या कणांमधून वर येते. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. आधी पीक पिवळे पडते, मग फक्त खारट गवत उगवते आणि शेवटी जमीन पांढरी, उघडी होते. तेच खारे पाणी ओढ्यात उतरते आणि तिथून नदीत.

हे कोडे फार पूर्वीच सुटले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवणारे तलाव आणि ओढे खारट होऊ लागले, तेव्हा डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याने त्याचा माग काढला. नैसर्गिक झाडोरा तोडल्यामुळेच माती आणि ओढे खारट होतात, असा निष्कर्ष त्याने १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरही अर्धशतकभर जंगलतोड चालू राहिली. ज्ञान उपलब्ध होते, पण ते अंमलात आणण्यासाठी एका शेतकऱ्याचा हात पुरेसा नव्हता. मीठ उगवते पायथ्याच्या शेतात आणि पाणी झिरपते माथ्यावरच्या शेतात. पायथ्याच्या शेतकऱ्याने आपल्या शेतात कितीही राबावे, माथ्यावर झाडे लागल्याशिवाय त्याचे मीठ हटत नाही. आणि माथ्यावरच्या शेतकऱ्याला तर काही त्रासच नसतो. मग त्याने आपली चांगली जमीन झाडांसाठी का सोडावी? लँडकेअरला उत्तर शोधायचे होते ते या प्रश्नाचे.

विंजालॉक, नोव्हेंबर १९८६

शेतकऱ्यांचे गट ही कल्पना आभाळातून पडली नाही. व्हिक्टोरियाच्या मृदसंधारण खात्याने त्याआधी काही दशके शेजारच्या शेतांची एकत्र कामे करून पाहिली होती. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कायद्यात बदल होऊन शेतकऱ्यांच्या भूसंधारण समित्या स्थापन होऊ लागल्या होत्या. पण खाते योजना आखणार आणि शेतकरी ती राबवणार, ही चाकोरी मोडायची होती.

ती मोडण्यासाठी दोन बायका पुढे आल्या. जोन कर्नर या व्हिक्टोरियाच्या मजूर पक्षाच्या सरकारात वन, भूमी आणि संवर्धन खात्याच्या मंत्री होत्या. राजकारणात येण्यापूर्वी सरकारी शाळांच्या पालक संघटनांत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. सामान्य पालक एकत्र बसले की शाळा बदलते, हा त्यांचा अनुभव. हेदर मिचेल या व्हिक्टोरियातल्या शेतकऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. मजूर पक्षाचे सरकार आणि शेतकरी संघटना यांचे सूर तिथे सहसा जुळत नसत. तरीही या दोघींनी मिळून २५ नोव्हेंबर १९८६ रोजी सेंट आर्नोड गावाजवळच्या विंजालॉक इथे पहिल्या लँडकेअर गटाला सुरुवात करून दिली. कर्नर पुढे १९९० मध्ये व्हिक्टोरियाच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या.

त्या वेळी आखलेली चौकट आजही बहुतेक तशीच आहे. गटाची हद्द शेतकऱ्यांनी ठरवायची, आणि ती शक्यतो एका ओढ्याच्या किंवा टेकडीच्या पाणलोटाची असावी. सभासदत्व ऐच्छिक. कोणते काम आधी घ्यायचे हे गट ठरवणार. सरकारने तांत्रिक सल्ला द्यायचा, थोडे बीजभांडवल द्यायचे आणि गटाच्या बैठकीत हुकूम न सोडता बसायचे. श्रम, ट्रॅक्टर आणि खर्चाचा मोठा वाटा शेतकऱ्यांचा.

गट नेमके काय करतो

लँडकेअर गटाचे काम बहुधा नकाशापासून सुरू होते. याचा धडा पश्चिम व्हिक्टोरियात हॅमिल्टनच्या परिसरात १९८४ ते १९८८ या काळात चाललेल्या पॉटर फार्मलँड प्लॅन या प्रकल्पाने घालून दिला. १५ शेतांवर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचे हवाई छायाचित्र समोर ठेवले आणि त्यावर मातीचे प्रकार, उतार, पाण्याच्या वाटा, खारटलेले तुकडे स्वतःच्या हाताने रेखले. मग लक्षात आले की सगळी कुंपणे भूमापकाने काढलेल्या सरळ रेषांवर उभी आहेत, जमिनीच्या घडणीशी त्यांचा काही संबंध नाही. एकाच कुंपणात खडकाळ माथा, मधला सुपीक पट्टा आणि दलदलीचा तळ येत असे. मेंढ्या चांगल्या भागावर तुटून पडत आणि तिथली जमीन उघडी पडे. शेतकऱ्यांनी कुंपणे जमिनीच्या प्रकारांप्रमाणे हलवली, माथ्यावर झाडांचे पट्टे लावले, ओढ्यांना वेगळे कुंपण घातले. शेजाऱ्यांनी हे पाहिले आणि नकाशे काढण्याची पद्धत गटागटांत पसरली. या प्रकल्पाचे काम पाहणारे अँड्र्यू कॅम्पबेल पुढे लँडकेअरचे पहिले राष्ट्रीय मार्गदर्शक झाले.

अनेक शेतांचे नकाशे एकाला एक जोडले की पाणलोटाचे चित्र उभे राहते. पाणी कुठून झिरपते आणि कुठे वर येते ते त्यात दिसते. मग माथ्यावर स्थानिक झाडे, मधल्या उतारावर खोल मुळांचा लसूणघास आणि पायथ्याच्या खारट तुकड्यावर मीठ सोसणारी, मेंढ्यांना खाता येणारी झुडपे अशी विभागणी करता येते. माथ्यावरच्या शेतकऱ्याचा प्रश्नही इथेच सुटू लागतो. झाडांचे पट्टे वारा अडवतात, लोकर कातरलेल्या मेंढ्यांना आणि नवजात कोकरांना थंडीपावसात आडोसा देतात, लसूणघास कोरड्या महिन्यांत हिरवा चारा देतो. शेजाऱ्याचे मीठ हटवताना स्वतःच्याही पदरात काही पडते असे दिसले की तो तयार होतो.

सशांचे काम तर गटाशिवाय होऊच शकत नाही. १८५९ च्या नाताळात शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून आणलेले २४ ससे व्हिक्टोरियातल्या बार्वन पार्क या इस्टेटीवर पोहोचले. त्यांची संतती अवघ्या काही दशकांत खंडाच्या मोठ्या भागावर पसरली. गवत मुळापर्यंत खाणे, रोपांची साल सोलणे आणि बिळांनी उतार पोखरणे हा त्यांचा क्रम. १९५० मध्ये मिक्सोमा विषाणू सोडून त्यांची संख्या खाली आणली गेली, पण जगलेल्या सशांत प्रतिकारशक्ती आली. एका शेतकऱ्याने बिळे मोडली तरी शेजारच्या शेतातले ससे महिनाभरात त्यांत येऊन राहतात. म्हणून गटातले सगळे शेतकरी एकाच हंगामात काम काढतात. आधी आमिषाने संख्या कमी करायची, मग ट्रॅक्टरच्या खोल फाळाने बिळे उखडायची, उरलेली बुजवायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फिरून पाहायचे.

ओढ्यांच्या कामात गुरांना काठापासून दूर ठेवणे ही पहिली पायरी आहे. पाणी प्यायला उतरणारी गुरे काठ तुडवतात, कोवळी रोपे खातात, शेण थेट पाण्यात पडते. गट ओढ्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालतो आणि गुरांसाठी लांब उंचावर पाण्याचे हौद बांधतो. कुंपणाच्या आत मग रेड गम आणि इतर स्थानिक झाडे लावली जातात. काठ सावरण्यासाठी पूर्वी युरोपातून आणून लावलेले विलो वृक्ष टप्प्याटप्प्याने काढले जातात. विलोची मुळे ओढ्याच्या पात्रातच पसरतात, गाळ अडवतात आणि प्रवाह काठावर ढकलतात. त्यांची पाने शरद ऋतूत एकदम गळून पाण्यात कुजतात, तर तिथले जलकीटक वर्षभर थोडी थोडी गळणाऱ्या निलगिरीच्या पानांवर जगायला सरावलेले असतात. पण सगळे विलो एका दमात उपटले तर काठच वाहून जाईल. म्हणून आधी स्थानिक झाडे रुजवायची आणि मग विलो काढायचे, हा धीर धरावा लागतो. बी शक्यतो त्याच पाणलोटातल्या जुन्या झाडांचे गोळा केले जाते, कारण तिथल्या माती-हवामानाला ती झाडे मुरलेली असतात.

मुलांनी मोजलेले पाणी

लँडकेअरच्या बरोबरीने व्हिक्टोरियातल्या शाळांत १९८७ पासून सॉल्टवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला. मुले आपल्या विहिरीचे, ओढ्याचे, नळाचे पाणी बाटलीत आणत आणि शाळेत त्याची विद्युतवाहकता मोजत. पाण्यात मीठ जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, म्हणून एका छोट्या मीटरवर खारटपणा लगेच कळतो. सगळ्या शाळांचे आकडे नकाशावर मांडले की अख्ख्या राज्यातल्या खाऱ्या पाण्याचे चित्र तयार होई. मुलाने घरी येऊन आपल्याच ओढ्याचा आकडा सांगितला की बापाला तो टाळता येत नसे.

यातूनच पुढे १९९३ मध्ये वॉटरवॉच हा देशव्यापी उपक्रम आला. त्यात खारटपणाबरोबर गढूळपणा, आम्लता, फॉस्फरस आणि पाण्यातले किडे मोजले जातात. काही किड्यांच्या अळ्या फक्त स्वच्छ, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात जगतात, काही घाणीतही तग धरतात. जाळी लावून कोणत्या जाती किती सापडतात हे मोजले की गेल्या काही महिन्यांत ओढ्याची तब्येत कशी होती ते समजते, आणि त्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडत नाही.

माझ्या मते या चळवळीचा कणा इथे आहे. झाड लावणे हे एका दिवसाचे काम असते, फोटो निघतो आणि माणसे घरी जातात. दर महिन्याला त्याच जागी जाऊन पाणी मोजणारा गट मात्र ओढ्याशी बांधलेला राहतो. केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे त्याला बाहेरून कोणी सांगावे लागत नाही.

पैसा आणि पगारी माणूस

१९८९ मध्ये ही चळवळ राष्ट्रीय झाली. त्यामागेही एक अनपेक्षित जोडी होती. राष्ट्रीय शेतकरी महासंघाचे रिक फार्ली आणि ऑस्ट्रेलियन कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या पर्यावरण संस्थेचे फिलिप टॉइन. जंगलतोड आणि पाणीवाटपावरून एरवी भांडणाऱ्या या दोन संघटनांनी सरकारकडे एकत्र प्रस्ताव दिला. जुलै १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी मरे आणि डार्लिंग नद्यांच्या संगमावरच्या वेंटवर्थ गावी पुढचे दशक लँडकेअरचे असल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी ३० कोटी डॉलरहून अधिक निधी देऊ केला. १९९७ मध्ये सरकारी दूरध्वनी कंपनीचा काही हिस्सा विकून आलेल्या पैशातून नॅचरल हेरिटेज ट्रस्ट उभारला गेला. गटांची संख्या शेकड्यांतून हजारांत गेली. १९९० च्या दशकात देशातल्या जवळपास एक तृतीयांश शेतकरी कुटुंबांचा कुठल्या ना कुठल्या गटाशी संबंध आला होता. बायकांना शेतीच्या निर्णयांत उघडपणे बोलायला जी थोडी व्यासपीठे तिथे होती, त्यांत या गटांची गणना होते.

सरकारी पैशाचा सर्वांत चांगला उपयोग झाला तो समन्वयकांवर. चारपाच किंवा दहापंधरा गटांसाठी एक पगारी समन्वयक असतो. तो बैठका ठरवतो, अनुदानाचे अर्ज भरतो, रोपांची मागणी एकत्र करतो, तज्ज्ञांना शेतावर आणतो, नवख्या सभासदाला हाताशी धरतो. शेतकरी झाड लावू शकतो, कुंपण घालू शकतो. दिवसभराच्या कामानंतर वीस पानांचा अर्ज भरायला त्याच्याकडे त्राण नसते. जिथे समन्वयकाचा पगार थांबला तिथे अनेक गट थकून बसले. काही मोजकीच माणसे सगळा भार उचलतात आणि काही वर्षांनी दमून जातात, ही तक्रार लँडकेअरमध्ये पहिल्या दशकापासून ऐकू येते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे सरकारने निधी मोठ्या प्रादेशिक संस्थांमार्फत वाटायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या गटांना आपण केवळ कामगार झालो असे वाटू लागले. स्वयंसेवकाला पगार नको असतो, पण निर्णयात वाटा हवा असतो. तो काढून घेतला की त्याचा पाय बैठकीकडे वळत नाही.

जे जमले नाही

या चळवळीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गट एका बाजूला कोट्यवधी रोपे लावत असताना १९९० च्या दशकात क्वीन्सलँड राज्यात दरवर्षी लाखो हेक्टर रान साफ होत होते. रोपे लावणे ऐच्छिक होते आणि तोडीवर बंधन घालणारा कायदा कमकुवत होता. स्वेच्छेच्या कामाने कायद्याची उणीव भरून निघत नाही.

मिठाचे भाकीतही पूर्ण खरे ठरले नाही. २००१ च्या सुमारास झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ५७ लाख हेक्टर जमिनीला क्षारांचा धोका असल्याचे आणि २०५० पर्यंत तो आकडा १ कोटी ७० लाखांवर जाऊ शकेल असे म्हटले होते. त्यानंतर आग्नेय ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ पडला, तो २००९ पर्यंत टिकला आणि तिथली भूजल पातळी आपोआप उतरली. यामुळे झाडांचे काम फुकट गेले असे होत नाही. पण पाऊस आणि झाडोरा दोन्ही मिळून पातळी ठरवतात, आणि फक्त झाडांना श्रेय देणे चूक ठरते, हे सगळ्यांना कळले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात क्षारांचा प्रश्न आजही गंभीर आहे.

आणखी एक उणीव होती. जमिनीची निगा ही कल्पना या खंडाला १९८६ मध्ये मिळालेली नाही. पश्चिम व्हिक्टोरियातल्या बुज बिम इथे गुंडिजमारा लोकांनी लाव्हारसाच्या खडकांत कालवे, बांध आणि तळी रचून बाम मासे पाळण्याची व्यवस्था उभी केली. तिचा सर्वांत जुना भाग सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचा आहे आणि २०१९ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारसा यादीत घेतली. ठरावीक हंगामात हलकी आग लावून गवताळ रान राखण्याचे शास्त्रही इथल्या मूळ रहिवाशांचे. पहिल्या काळातल्या लँडकेअर गटांत हे लोक जवळजवळ नव्हतेच, कारण गट जमीनमालकांचे होते आणि या लोकांची जमीन आधीच हिरावून घेतलेली होती. गेल्या काही वर्षांत अनेक गट त्यांच्याबरोबर काम करू लागले आहेत. हे खूप आधी व्हायला हवे होते.

डोंगरउतारावरचे गवताचे पट्टे

श्रीमंत देशाबाहेर ही पद्धत चालते का, याचे उत्तर फिलिपिन्सच्या मिंडानाव बेटावरच्या क्लावेरिया गावाने दिले. तिथले अल्पभूधारक शेतकरी तीव्र उतारावर मका घेत आणि दर पावसात माती वाहून जाई. तज्ज्ञ सांगत होते की समपातळीच्या रेषांवर झाडांची दाट कुंपणे लावा. ते काम जिकिरीचे होते, शेतकरी कंटाळून सोडून देत. काही शेतकऱ्यांनी स्वतःच सोपी वाट काढली. समपातळीवर हात-दीड हात रुंदीचा पट्टा नांगरायचाच नाही, तिथे आपोआप गवत उगवते आणि माती अडते. समपातळी शोधायला बैल पुरेसा होता. उताराला आडवे नांगरताना बैलाची पाठ पुढून वर उचलली तर रेषा चढते आहे, खाली झुकली तर उतरते आहे. १९९६ मध्ये या शेतकऱ्यांनी आपली लँडकेअर संघटना स्थापन केली. आंतरराष्ट्रीय कृषिवनीकरण संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ आणि स्थानिक पालिका त्यांच्या पाठीशी राहिल्या. वाडीवाडीत गट झाले, पट्ट्यांवर पुढे फळझाडे आणि इमारती लाकडाची झाडे आली. पद्धत शेतकऱ्याची, पसरवणारे शेजारी आणि आधाराला शास्त्रज्ञ. क्रम हा असला की काम टिकते.

आपल्या शिवारात

कृष्णाकाठी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. सांगली-कोल्हापूर भागातल्या काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे मोकाट पाणी दिल्याने भूजल वर आले आणि हजारो एकर क्षारपड झाले. ऑस्ट्रेलियात पाणी पिणारी झाडे गेली, इथे पाणी देणारा पाट थांबला नाही. जमिनीत घडले ते एकच. उपायही बांध ओलांडूनच जातो. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकून खारे पाणी बाहेर काढायला सुरुवात केली. वरच्या शेतातला पाइप खालच्या शेतातून गेल्याशिवाय पाणी ओढ्याला मिळत नाही. म्हणून शेकडो शेतकऱ्यांची संमती आणि सामाईक मुख्य वाहिनी आधी लागते, पाइप नंतर.

श्रमदानाची ताकद महाराष्ट्राने सिद्ध केली आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१९ मध्ये ७६ तालुक्यांत पोहोचली. उन्हाळ्याच्या पंचेचाळीस दिवसांत गावे चर खणायला बाहेर पडली. पण चर गाळाने भरतात, दगडी बांध ढासळतात. स्पर्धा संपल्यावर पुढची दहा वर्षे ते कोण पाहणार, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे आहे. हिवरे बाजारने त्याचे एक उत्तर दिले आहे. तिथे पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. मोजणी आणि निर्णय एकाच सभेत होतात, म्हणून ते काम एका पिढीपलीकडे गेले.

लँडकेअरच्या चार दशकांतून मला तीन गोष्टी पक्क्या वाटतात. पहिली, गटाची हद्द ओढ्याच्या पाणलोटाने ठरवा, वॉर्डाने किंवा पक्षाने नको. दुसरी, मोजमाप गावाच्याच हातात हवे. पर्जन्यमापक, विहिरीत सोडायची दोरी आणि पाण्याची क्षारता सांगणारे साधे मीटर एवढ्यावर शाळेतली मुलेसुद्धा दहा वर्षांची नोंद तयार करू शकतात. तिसरी, गटामागे एक पगारी माणूस हवा. कोट्यवधी रुपयांच्या यंत्रकामाच्या योजना आखताना शासनाने आणि दात्यांनी दहा गावांमागे एका समन्वयकाचा दहा वर्षांचा पगार बाजूला ठेवावा. स्वयंसेवकांच्या श्रमाचे मोल त्यातूनच वसूल होईल.

तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला कोणाचे शेत आहे आणि खालच्या अंगाला कोणाचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. येत्या पावसाळ्याआधी त्या दोघांना सोबत घेऊन आपला ओढा उगमापासून शेवटपर्यंत एकदा चालत पाहा आणि जे दिसेल ते कागदावर उतरवा. गटाची पहिली बैठक त्या कागदावरच भरवा.